१८ मिलिव्होल्टांचा प्रश्न

मागच्या वेळी आपण १९४७ पर्यंत आलो होतो. बेल लॅब्समध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांचा ट्रान्झिस्टर चालला, मग शॉकलीनं जंक्शन ट्रान्झिस्टरचं गणित मांडलं. वस्तू हाती आली. पण सर्किटमध्ये ती कशी वागेल, हे आधी कागदावर कसं सांगायचं?

अडचण काय होती बघा. बेस आणि एमिटरमधला व्होल्टेज नुसता १८ मिलिव्होल्टनं वाढवला की कलेक्टरचा करंट दुप्पट होतो. ६० नं वाढवला की दसपट. हे नातं सरळ रेषेचं नाहीच. सिग्नल अगदी बारीक असेल तर वक्राचा तेवढा तुकडा सरळ धरून भागतं. पण फीडबॅक नसताना १० मिलिव्होल्ट शिखराची साइन वेव्ह बेसवर द्या. दुसरा हार्मोनिक मूळ सुराच्या जवळपास १० टक्के निघतो. सरळ रेषेच्या गणितात तो दिसणारच नाही.

१९५४ मध्ये एबर्स आणि मोल यांनी मोठ्या सिग्नलचं मॉडेल दिलं. गंमत म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः ॲम्प्लिफायर नव्हता, स्विच होता! दोन डायोड आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे दोन करंट सोर्स, एवढंच. मात्र त्यात करंट गेन कायम धरलेला. प्रत्यक्षात करंट फार कमी किंवा फार जास्त झाला की गेन घसरतो. शिवाय कलेक्टरचा व्होल्टेज बदलला की बेसची परिणामी रुंदी बदलते, हे जेम्स अर्लीनं १९५२ मध्येच दाखवलं होतं. ही ठिगळं वेगवेगळी लावत बसण्याऐवजी गमेल आणि पून यांनी १९७० मध्ये बेसमधल्या एकूण चार्जवरच सगळं बांधलं. या कहाणीतलं मला सर्वांत देखणं वाटणारं पाऊल हेच.

पण हाताने ही समीकरणं सोडवणार कोण? बर्कलीत रोहररच्या विद्यार्थ्यांनी ‘कॅन्सर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. नावातच ‘रेडिएशन वगळून’ असं होतं, कारण तेव्हाचे बरेच प्रोग्रॅम लष्करी पैशावर, किरणोत्सर्गाचा परिणाम तपासायला बनलेले. त्यातूनच १९७३ मध्ये नेगलचा ‘स्पाइस’ आला. पीडरसन यांचा हट्ट असा की कोड सगळ्यांना खुला हवा. म्हणून तो पसरला. विद्यार्थी नोकरीला गेले ते तो बरोबर घेऊनच.

आजही मॉडेलची ओळ उघडा. ‘बीएफ’ म्हणजे गेन, ‘व्हीएएफ’ म्हणजे अर्लीचा व्होल्टेज, आणि ‘आयकेएफ’ म्हणजे ज्या करंटच्या पुढे गेन घसरू लागतो तो.