नारायणगावकर तमाशा घराणे

महाराष्ट्रातील ढोलकी-फडाच्या तमाशाचे एक अग्रगण्य घराणे. नारायणगाव (ता. जुन्नर, जि. पुणे) हे त्याचे ठाणे. मांग (मातंग) समाजातील या कुटुंबात गायन, वादन, नृत्य व अभिनय या कला वंशपरंपरेने जोपासल्या गेल्या. घराण्याचा फड शिरूर तालुक्यातील कवठे यमाई येथील नारायण खुडे यांनी उभारला. पुढे भाऊ व बापू या बंधूंनी तो नावारूपास आणला. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या फडाच्या नावात जातीचा उल्लेख उघडपणे राहिला, हे लक्षणीय होय.

पुण्याचे आर्यभूषण थिएटर हे संगीतबारीचे प्रसिद्ध केंद्र. संगीतबारीत बैठकीच्या लावणीस प्राधान्य असते. ढोलकी-फड मात्र गण, गवळण, बतावणी व वग असा सबंध खेळ करतो आणि त्यासाठी गावोगाव फिरतो. मुख्य गायिकेची ओळ मागील सुरत्ये उचलून धरतात. ढोलकी, हलगी व तुणतुण्याची तीस साथ असते. हे गाणे लिखित पाठापेक्षा श्रवणाने व सहवासाने शिकले जाते. त्यामुळे घर हीच फडाची पाठशाळा ठरली.

भाऊंच्या कन्या विठाबाई (१९३५–२००२) या घराण्याच्या सर्वांत ख्यातनाम कलावंत. त्यांचा जन्म पंढरपूर येथे झाला. लहानपणापासूनच लावणी, गवळण व भेदिक यांचे संस्कार त्यांच्यावर झाले. पुढे ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या नावाने त्यांचा फड गाजला. खेळ चालू असता त्या प्रसूत झाल्या व पुन्हा रंगमंचावर आल्या, हा प्रसंग तमाशाच्या इतिहासात सर्वश्रुत आहे. १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तथापि त्यांची अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली. त्यांच्या निधनानंतर, २००६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला.

विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतंत्र फड उभारून परंपरा पुढे नेली व पुढील पिढीही त्यात उतरली. पित्याकडून चालत आलेल्या फडाचा वारसा अशा रीतीने लेकींकडे आला. स्त्री केवळ नर्तकी न राहता फडमालक झाली.

चैत्रातील जत्रांपूर्वी नारायणगावात विविध फडांच्या राहुट्या पडतात व गावकारभारी तेथे येऊन खेळांची सुपारी देतात. या हंगामावरच फडाचे वर्षभराचे अर्थकारण अवलंबून असते. २०२० व २०२१ मध्ये महासाथीमुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा फडांची मिळकतच खुंटली. कौटुंबिक फडात कला व उपजीविका एकाच घराच्या आधारावर उभ्या असतात. त्यामुळे कला पिढ्यान्‌पिढ्या टिकते, परंतु एका हंगामाची आपत्तीही सबंध कुटुंबावर कोसळते. विठाबाईंना मानसन्मान लाभले, पण वृद्धापकाळाची निश्चिंती लाभली नाही, याचे कारणही याच व्यवस्थेत शोधावे लागते.