तळटीप : ‘अमेरिकेतला हबशी’

१. अमेरिकेतला हबशी : सटाण्याच्या कचेरीत पायरीखाली उभे राहूनच अर्ज देणाऱ्या माणसास लेखकाने दिलेली ही उपमा केवळ अलंकार नव्हे. ज्या कचेरीत १८७०-७१च्या दुष्काळात मामलेदार यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना रयतेसाठी मोकळा केला, त्या घटनेस दोनतीन वर्षे होतात न होतात तोच, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी स्वार्थत्याग करणाऱ्या अमेरिकनांस आदरपूर्वक अर्पण केला होता. आदर यथार्थ होता. पण १८६५च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली तरी वर्णभेद राहिलाच, आणि १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘पृथक परंतु समान’ असा शब्दच्छल करून आगगाडीच्या निराळ्या डब्यांस जी मंजुरी दिली, ती निदान शाळांपुरती रद्द व्हावयास १९५४ साल उजाडावे लागले. (आमच्याकडील निराळ्या पाणवठ्यांना ‘समान’ म्हणण्याची तसदीही कोणी घेतली नव्हती.) १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकलेल्या, आणि १९३०पासून नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालविलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांस पत्र धाडून, संयुक्त राष्ट्रांपुढे गेलेल्या त्यांच्या समाजाच्या अर्जाच्या नकला मागविल्या, त्या याच साम्याच्या जाणिवेने. ‘हबशी’ म्हणजे मूळचा ॲबिसीनियाचा रहिवासी. अमेरिकेतील लोकांस तो शब्द लावणे चूकच, तथापि हस्तलिखितात तो दोनदा आला असल्याने बदललेला नाही. — संपादक