पाय केव्हा उचलायचा

४ जुलै १९७४, डेटोना, फ्लोरिडा. शर्यतीची शेवटची फेरी सुरू होत होती आणि सर्वांत पुढे असलेल्या डेव्हिड पिअरसनने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. अगदी मागे चिकटून येणाऱ्या रिचर्ड पेटीला वाटलं, याचं इंजिन गेलं. धडक चुकवायला त्याने गाडी बाजूला काढली आणि तो पुढे निघून गेला. पिअरसनला तेच हवं होतं. त्याने पुन्हा पाय दाबला, पेटीला गाठलं आणि शेवटच्या टप्प्यात त्याच्या मागून बाहेर पडून शर्यत मारली. पेटी नंतर पत्रकारांसमोर भलताच तापला होता.

पहिला नंबर हातात असलेला माणूस मुद्दाम मागे का जाईल? आम्ही पोरं गगनबावड्याच्या रस्त्याला एसटीच्या मागे सायकल घालायचो, त्यातच याचं उत्तर आहे. पुढचा वारा फोडतो, मागच्याला कमी जोर लागतो. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास हा फरक प्रचंड होतो. मागची गाडी कमी दमात पुढच्या गाडीबरोबर राहते आणि उरलेला दम राखून ठेवते. वेळ आली की बाजूला निघून सगळा एकदम वापरते. याला तिकडे स्लिंगशॉट म्हणायचे. म्हणजे शेवटच्या फेरीत पुढे असणं हाच तोटा. पिअरसनने तो तोटा पेटीच्या गळ्यात घातला, इतकंच.

माझं गॅरेज कोल्हापुरात होतं. फियाट आणि ॲम्बॅसडरचे कार्ब्युरेटर उघडणं, जेट साफ करणं, बसवून आवाज ऐकणं यात माझी उमेदीची वर्षं गेली. मुलगी अलाबामातल्या बर्मिंगहॅमला राहते, आणि टॅलाडेगाचा ट्रॅक तिच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. जावयाला क्रिकेटपलीकडे काही नको, त्यामुळे या शर्यतींचं वेड घरात मला एकट्यालाच. ते लागलं एका पत्र्यामुळे. त्या पत्र्याकडे येतोच, पण आधी रस्ता.

बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाने १९४८ मध्ये नॅस्कार ही मोटार शर्यतींची संस्था स्थापन केली. तेव्हा डेटोनाची शर्यत अर्धी समुद्राच्या वाळूवर आणि अर्धी डांबरी रस्त्यावर व्हायची. १९५९ मध्ये त्याने अडीच मैलांचा नवा ट्रॅक बांधला आणि वळणांना ३१ अंशांचा कल दिला. त्या भरावाची माती ट्रॅकच्या मधूनच काढली. खड्डा उरला त्याचं तळं झालं, ते आजही आहे. आपल्या घाटातल्या वळणाला बाहेरची कड थोडी उचललेली असते. इथे ती भिंतीसारखी उभी आहे. टॅलाडेगाला तर ३३ अंश. पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं तर पायी चढायचीही छाती होत नाही. असल्या वळणात गाडी घसरत नाही, उलट जमिनीला दाबली जाते, म्हणून ड्रायव्हरला पाय उचलावाच लागत नाही. पुढची साठ-पासष्ट वर्षं जे जे बिघडलं, त्याचं मूळ मला या मातीच्या भरावात दिसतं.

सुरुवातीला कोणाचं काही बिघडलं नव्हतं. दुसऱ्याच वर्षी, १९६० मध्ये, ज्युनियर जॉन्सनला हवेचं गुपित सापडलं. हा नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातला. चोरटी दारू गाडीतून वाहून नेताना ड्रायव्हिंग शिकलेला, त्या धंद्यापायी तुरुंगातही गेलेला. त्याची शेव्हरोले पाँटिॲकांपुढे चालत नव्हती. सरावात त्याला कळलं की पाँटिॲकच्या मागे चिकटलं की आपली गाडीही तेवढीच पळते. मग शर्यतभर तो कोणाच्या ना कोणाच्या मागे राहिला. शेवटी पुढच्या बॉबी जॉन्सच्या गाडीची मागची काच हवेने उपसून नेली, गाडी गरगरली आणि जॉन्सन जिंकला. पुस्तकातलं एरोडायनॅमिक्स न शिकलेल्या माणसाने हे मागे चिकटून पळणं, म्हणजे ड्राफ्टिंग, शोधून काढलं, याचा मला कारागीर म्हणून फार आनंद आहे.

टॅलाडेगा १९६९ मध्ये उघडलं आणि पहिल्याच शर्यतीला बंड झालं. त्या वेगात टायर टिकत नव्हते. पेटीच्या पुढाकाराने बहुतेक नामवंत ड्रायव्हर सामान बांधून निघून गेले. फ्रान्सने स्वतः ट्रॅकवर गाडी फिरवून दाखवली, कोणी बधलं नाही. उरलेल्यांत शर्यत झाली, रिचर्ड ब्रिकहाऊस नावाचा नवखा जिंकला. पुढच्या मार्चमध्ये बडी बेकरने तिथेच ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला, ३२२ किलोमीटरच्या वर.

आता तो पत्रा. ॲल्युमिनियमची चपटी पट्टी, तिला चार भोकं. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये गॅस्केटसारखी बसवायची. भोकं लहान, म्हणून इंजिनाला हवा कमी, म्हणून ताकद कमी. नाव रिस्ट्रिक्टर प्लेट. १९७० मध्ये ती पहिल्यांदा आली आणि काही वर्षांत गेली. खरी परत आली ती बॉबी ॲलिसनमुळे. १९८७ च्या वसंतात टॅलाडेगाला बिल इलियटने पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे जवळजवळ ३४२ किलोमीटरचा वेग काढला. त्याच शर्यतीत ॲलिसनचा टायर फुटला, गाडी उलटी फिरून हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांपुढचं जाळीचं कुंपण तिने फाडलं. प्रेक्षक जखमी झाले. गाडी आणखी थोडी वर गेली असती तर शर्यतीचा हा प्रकार तिथेच संपला असता. शर्यत पुन्हा सुरू झाली आणि जिंकली ती त्याच्याच मुलाने, डेव्हीने.

उरलेल्या वर्षात लहान कार्ब्युरेटर लावून पाहिले आणि १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगा या दोन ट्रॅकवर प्लेट कायमची आली. साडेसातशेच्या आसपासची अश्वशक्ती साडेचारशेच्या घरात. स्वस्त, तपासायला सोपा, सगळ्यांना सारखा उपाय. पण गळा आवळलेल्या इंजिनाचा स्वभाव मला माहीत आहे. त्याला पिकअप राहत नाही. सगळे ड्रायव्हर सगळी फेरी पाय तळाला लावून बसलेले आणि कोणाकडे राखीव दम नाही. स्लिंगशॉट संपला. बाजूला निघालेला एकटा मागेच पडतो, कारण त्याला ढकलायला कोणी नसतं. मग तीस-चाळीस गाड्यांचा घोळका हातभर अंतरावर पळत राहतो आणि एकाचं चुकलं की वीस जण जातात. या साखळी अपघाताला तिकडे नावच पडलंय, ‘द बिग वन’. वेगाचा धोका काढला आणि गर्दीचा आणला.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे आधीच्या उपायावरचा उपाय. गाड्या उलट्या फिरल्या की उडतात म्हणून १९९४ मध्ये टपावर झडपा बसवल्या. उलटी हवा लागली की त्या उघडतात आणि गाडीला खाली ठेवतात. सगळ्या उपायांत मला हा एक निर्विवाद वाटतो. २००० मध्ये डेटोनाची शर्यत रटाळ झाली म्हणून टपावर आडवी पट्टी लावून गाडीमागचं हवेचं भगदाड मोठं केलं. ऑक्टोबरात टॅलाडेगाला डेल अर्नहार्ट शेवटच्या पाच फेऱ्यांत अठराव्या नंबरावरून येऊन जिंकला, लोक वेडे झाले. ती त्याची शेवटची जीत. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत, त्याच धाटणीच्या गाड्यांच्या झुंडीत, तो भिंतीवर आदळून गेला. त्याच वर्षी मानेला आधार देणारं साधन सक्तीचं झालं आणि पुढच्या वर्षापासून ट्रॅकच्या भिंतींना धक्का शोषणारं आवरण यायला लागलं.

२०१० च्या डेटोनात रस्त्याला खड्डा पडून शर्यत दोन तासांहून जास्त थांबली. (कोल्हापूरकराला हे वाचून किती बरं वाटावं!) ट्रॅक नव्याने डांबरला, पकड वाढली आणि ड्रायव्हरांनी नवी युक्ती काढली: दोघांनी बंपरला बंपर लावून जोडीने पळायचं. मागच्याच्या रेडिएटरला हवा मिळेना, म्हणून इंजिन तापायच्या आत जागा बदलायच्या. २०११ च्या एप्रिलमध्ये टॅलाडेगाला पुढची जागा ८८ वेळा बदलली आणि जिमी जॉन्सन ०.००२ सेकंदाने जिंकला. लोकांना ही जोड्यांची शर्यत रुचली नाही. मग नॅस्कारने रेडिएटरची तोंडं आणखी लहान केली. इंजिनाचा गळा आधीच आवळलेला, आता नाकही दाबलं. २०१२ मध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्याबद्दल मी काही बोलत नाही. प्लेट मात्र राहिली ती २०१९ च्या डेटोना ५०० पर्यंत. नंतर तिच्या जागी निमुळत्या भोकांचा स्पेसर आला, काम तेच.

२०२२ च्या नव्या गाडीला चाकाला एकच नट आहे. चार चाकं बदलून होतात तरी पेट्रोल भरणं चालूच असतं. म्हणजे पिटमध्ये, चाकं बदलायच्या थांब्यावर, लागणारा वेळ पेट्रोल ठरवतं, आणि ज्याला कमी भरायचं तो पुढे निघतो. झुंडीत पुढे घुसणं तर अवघड. मग सगळ्यांनी मिळून शोधलेला मार्ग असा: तीन-तीनच्या रांगा करून फेऱ्यामागून फेऱ्या अर्धा पाय दाबून पळायचं. पाय उचलणं परत आलं, पण पिअरसनने उचलला तो पेटीला फसवायला, हे उचलतात पेट्रोल वाचवायला.

सुधारणेच्या कल्पना हरतऱ्हेच्या निघतात: शर्यतीचे टप्पे छोटे करा, टाकी छोटी करा. माझं म्हणणं उलट आहे. इंजिनाला हवा द्या आणि गाडीला जमिनीवर दाबणारे पंख कापा. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट जाईल, पण वळणात घसरायला लागेल आणि पाय उचलावाच लागेल. कोण किती उशिरा उचलतो यात झुंड आपोआप फुटेल. सरळ रस्त्यावरच्या वेगाचा प्रश्न उरतो हे खरं, आणि १९८७ ची जाळी पाहिलेल्यांना तो पटवणं सोपं नाही.

नॅस्कारचा कल मात्र दुसरीकडे दिसतो. २०२२ मध्ये अटलांटाच्या ट्रॅकची वळणं २४ अंशांवरून २८ वर नेली, रस्ता अरुंद केला, मुद्दाम झुंड व्हावी म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे तीन गाड्या एका रेषेत आल्या. डॅनियल सुआरेझने ब्लेनीला ०.००३ आणि काइल बुशला ०.००७ सेकंदाने मागे टाकलं. तिकडे तो ट्रॅक आता डेटोना आणि टॅलाडेगाच्याच पंक्तीला बसवतात.