शस्त्राची मूठ आणि हाताची पकड

शस्त्रांच्या इतिहासात पात्याचे जितके गुणगान झाले आहे, तितके मुठीचे झालेले नाही. पोलाद कोठून आले, त्याला पाणी कसे दिले, धार किती काळ टिकली, या गोष्टींचे वर्णन सर्वांनी आवडीने केले आहे. मुठीविषयी लिहावयाचे झाले म्हणजे तिच्यावर सोने किती होते व रत्ने किती होती, एवढे सांगून लेखणी पुढे सरकते. वास्तविक पाहता सुरी असो, कट्यार असो वा तलवार असो, तिचा धन्याशी संबंध येतो तो मुठीच्याच द्वारे. मूठ हातातून निसटली, तर उत्तमातील उत्तम पाते निरुपयोगी होते. इतकेच नव्हे, तर ते धन्यावरच उलटते. म्हणून मनुष्याने मूठ घट्ट धरता यावी याकरिता काय काय युक्त्या योजिल्या, त्यांचा इतिहास हा एका अर्थी मनुष्याने स्वतःचा हात कसा वाचविला याचा इतिहास आहे.

कोरड्या हाताने कोरडी वस्तू धरणे अवघड नाही. परंतु सुरीचे काम कोरडेपणी क्वचितच चालते. पाणी, घाम, रक्त, चरबी, मासळीचा बुळबुळीतपणा, यांपैकी काही ना काही हाताला लागलेले असतेच. या ओलाव्याचा पातळ थर त्वचा आणि मूठ यांच्यामध्ये शिरतो व घर्षण कमी करून टाकतो. मूठ गुळगुळीत असेल तर त्या थरास जावयास जागाच राहत नाही. उलट ती खरखरीत असेल तर तिचे उंचवटे थर भेदून त्वचेला भिडतात, ओलावा खोलगट भागात उतरतो आणि तळहाताचे मऊ मांस खाचांत दबून बसते. ज्या सुरीला आडवा अडसर नाही, तिचे टोक हाडावर अडखळले की हात पुढे सरकून धारेवर येतो आणि बोटे वाकविणाऱ्या कंडरा तुटण्याचा प्रसंग ओढवतो. परंतु खरखर वाढवीत जाणे हाही उपाय नव्हे. ती फार तीक्ष्ण झाली तर दिवसभर काम करणाऱ्याचा तळहात सोलून निघतो. निसटणे आणि सोलणे या दोन संकटांच्या मधला मार्ग शोधणे, हीच मूठ घडविणाऱ्या कारागिराची खरी विद्या होय.

या विद्येचा आरंभ फार प्राचीन आहे. १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फाखाली सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचा देह सापडला. त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याची लहानशी कट्यार होती. तिची मूठ अ‍ॅश नावाच्या वृक्षाच्या लाकडाची असून पाते तिच्यात जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने आवळलेले होते. येथे मुठीचे साहित्य व बंधन एवढाच विचार दिसतो. पुढे रोमन सैनिकाच्या आखूड तलवारीकडे पाहिले म्हणजे विचार पुढे गेल्याचे ध्यानात येते. तिच्या हाडाच्या मुठीला बोटांकरिता चार खाचा पाडीत, आणि मुठीचा छेद पुष्कळदा गोल न ठेवता पैलूदार ठेवीत. खाचांमुळे हात पुढेमागे सरकत नसे आणि पैलूंमुळे तलवार मुठीत फिरत नसे. अंधारातही धार कोणत्या बाजूस आहे हे बोटांना कळे.

मुठीच्या खरखरीतपणाचा सर्वांत सूक्ष्म विचार मात्र जपानी लोकांनी केला. जपानी तलवारीची मूठ होओ नावाच्या चाफ्याच्या कुळातील वृक्षाच्या मऊ लाकडाची. तिच्यावर पाकट जातीच्या माशाचे कातडे चढवीत आणि त्यावरून रेशमी, सुती किंवा चामड्याची फीत अशा रीतीने गुंडाळीत, की मधून मधून कातड्याच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या खिडक्या उघड्या राहाव्या. पाकटाच्या कातड्यावर मोत्यासारखे कण असतात. हे कण म्हणजे साधे खवले नव्हेत. त्यांची घडण दातांच्या घडणीसारखी असते, आणि म्हणूनच ते कठीण व टिकाऊ असतात. फीत त्या कणांवर रुतून बसते व घसरत नाही. हात फितीच्या विणीवर रुतून बसतो व तोही घसरत नाही. शिवाय फीत घाम शोषून घेते. एकावर एक दोन प्रकारचा खरखरीतपणा योजून प्रत्येकाकडून वेगळे काम करवून घेण्याची ही युक्ती होय.

ही पद्धत किती जुनी आहे याचा पुरावा नारा येथील शोसोइन या भांडारात आहे. सम्राट शोमू याच्या निधनानंतर ७५६ साली सम्राज्ञी कोम्यो हिने त्याच्या वस्तू तोदाइजी मंदिरास अर्पण केल्या. त्यांत सोन्याचांदीने सजविलेली एक तलवार आहे, व तिच्या मुठीवर अशाच माशाचे पांढरे कातडे आहे. ज्यांच्या कातड्यावर मोठे व सुबक कण येतात असे पाकट उष्ण समुद्रांतले. त्यामुळे जपानच्या कारागिराला परदेशावर अवलंबून राहणे प्राप्त होते. १७ व्या शतकात सयामातून हरणांची कातडी आणि पाकटांची कातडी जहाजे भरभरून जपानला जात, आणि हा व्यापार डच व चिनी व्यापाऱ्यांच्या हाती होता. जपानने परकीयांना आपली दारे जवळजवळ बंद केली, तेव्हाही नागासाकीच्या बंदरातून हा माल येतच राहिला. सामुराईच्या कमरेची तलवार पूर्णपणे स्वदेशी समजली जाई; परंतु तिची पकड दूरच्या समुद्रातून येत होती.

१८७६ साली जपानी सरकारने सर्वसाधारण लोकांस तलवार बाळगण्याची मनाई केली, आणि पुष्कळ लोहारांस स्वयंपाकघरातील सुऱ्यांकडे वळावे लागले. येथे एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट दिसते. जपानी स्वयंपाक्याच्या सुरीची मूठही त्याच होओ लाकडाची असते. परंतु तिच्यावर कातडे नाही, फीत नाही, रोगणही नाही. उघडे लाकूड थोडे पाणी शोषते आणि ओल्या हातात चांगले धरवते. तिचा छेद अष्टकोनी किंवा एका बाजूस कंगोरा असलेला ठेवतात. स्वयंपाक्याची सुरी दिवसातून कितीदा तरी धुवावी लागते. तलवार कोणी धूत नाही. काम बदलले, त्याबरोबर पकडीचा उपायही बदलला.

माशाचे कातडे सर्वांस मिळण्याजोगे नव्हते. इराण व तुर्कस्तान येथील चर्मकारांनी त्याला एक चमत्कारिक पर्याय काढला. घोड्याचे किंवा गाढवाचे पुठ्ठ्यावरील कातडे ओले असताना त्यावर चाकवताच्या जातीच्या रोपाचे कठीण बी पसरीत आणि ते दाबून आत रुतवीत. कातडे वाळले म्हणजे बी झटकून टाकीत. मग खळग्यांभोवतीचा उंच भाग तासून पृष्ठभाग सपाट करीत आणि कातडे पुन्हा पाण्यात भिजवीत. बियांनी दाबला गेलेला भाग तासणीतून सुटलेला असे. तो भिजल्यावर फुगून वर येई व साऱ्या कातड्यावर बारीक दाणे उमटत. या कातड्याचे पूर्वेकडील नाव ‘साघरी’. त्याचेच युरोपात ‘शाग्रीन’ झाले.

युरोपात गेल्यावर या साहित्याचे दोन मार्ग झाले. एकीकडे इंग्रज सैन्याधिकाऱ्यांच्या तलवारींना माशाच्या कातड्याची व त्यावर तारेचे वेढे दिलेली मूठ पुढे कित्येक पिढ्या चालू राहिली. दुसरीकडे पॅरिसमध्ये १५ व्या लुईच्या काळात गालुशा नावाच्या कारागिराने पाकटाचे कण घासून सपाट केले, रंगविले, आणि त्या तुळतुळीत कातड्याने पेट्या व डब्या मढविल्या. ज्या गुणाकरिता कातड्याची ख्याती झाली होती, तोच गुण घासून काढल्यावर ते दरबारी चैनीची वस्तू बनले.

हिंदुस्थानातही असे दोन प्रवाह दिसतात. मोगल दरबारात १७ व्या शतकात यशबाच्या व स्फटिकाच्या मुठी घडविल्या गेल्या. घोड्याचे किंवा नीलगाईचे शिर, पानेफुले, असे नाजूक कोरीव काम त्यांवर आहे. त्या कमरबंदात खोवून मिरवावयाच्या. त्यांवरून दरबारातील मान कळे. ओल्या हाताने त्या धरण्याचा प्रसंग फारसा येत नसावा, असेच त्यांचा गुळगुळीतपणा सांगतो. लढाऊ तलवारीची मूठ मात्र वेगळी. ती लोखंडाची, मध्ये फुगीर, शेवटी चकती असलेली, आणि आखूड असे. हात फुगवट्यावर बसे व चकती आणि अडसर यांच्यामध्ये पक्का आवळला जाई. येथे खरखरीतपेक्षा आकारावर भर आहे. तिच्यावर कोफ्तगिरीचे काम असेल, तर लोखंडावर बारीक आडव्यातिडव्या रेषांची जाळी खोदून तिच्यात सोन्याची तार ठोकून बसवीत. सोन्याला धरून ठेवावयास जी युक्ती, तीच पुढे जगभर हाताला धरून ठेवण्याकरिता वापरली गेली. मराठ्यांच्या पट्ट्याने तर हा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडविला. त्याची मूठ म्हणजे लोखंडी हातमोजाच्या आतील आडवा दांडा. कोपरापर्यंतचा हात त्यात अडकला, म्हणजे निसटण्याची भीती पुष्कळच कमी होई. नेपाळच्या खुकरीने सोपा मार्ग पत्करला: लाकडी वा शिंगाच्या मुठीच्या मध्यावर एक उंच कडे कोरले, की ते बोटांच्या मध्ये बसून पकड देते.

यंत्रयुगात हे काम कारखान्यांकडे गेले. इंग्लंडातील शेफील्ड हे गाव चाकूसुऱ्यांसाठी चॉसरच्या काळापासून प्रसिद्ध होते. तेथील कारागिरांच्या संघाला १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली. तेथील उत्तम चाकूंच्या मुठींना सांबराचे शिंग लावीत, आणि ते शिंग हिंदुस्थानातून जाई. आपल्या सह्याद्रीत व सातपुड्यात वावरणाऱ्या या प्राण्याचे शिंग भरीव असते, आणि त्याच्या सालीवर निसर्गानेच खडबडीत रेघोट्या काढलेल्या असतात. शिंग महाग पडू लागले, तेव्हा गुराच्या पायाच्या हाडावर यंत्राने ओळीने खाचा पाडून व तपकिरी रंग देऊन त्याची नक्कल केली गेली. पकडीकरिता निसर्गाने दिलेली खूण अशा रीतीने नकलेत शोभा म्हणून टिकली. भारतात १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस शिंगाची निर्यातही थांबली. एका देशाच्या चाकूची पकड दुसऱ्या देशाच्या रानावर किती अवलंबून होती, हे त्यावरून कळते.

धातूवर व रबरासारख्या पदार्थावर रेषांची जाळी पाडण्याची कला विसाव्या शतकात सैन्यांनी उचलली. ब्रिटिश घोडदळाच्या १९०८ सालच्या तलवारीची मूठ अशीच चौकड्यांची होती. हिंदी घोडदळाकरिता तिचा लहान मुठीचा वेगळा नमुना काढावा लागला, कारण हात सर्वांचे सारखे नसतात. दुसऱ्या महायुद्धात फेअरबेर्न आणि सायक्स या शांघायच्या पोलिसखात्यात काम केलेल्या दोघा अधिकाऱ्यांनी कमांडो सैनिकांकरिता कट्यार आखली. १९४१ पासून ती सैनिकांच्या हाती पडू लागली. तिच्या आरंभीच्या नमुन्यांत पितळी मुठीवर बारीक चौकड्या कोरलेल्या होत्या. पुढे घाऊक उत्पादनाच्या सोयीने ओतीव मुठीवर साधी वर्तुळाकार कडी आली. अमेरिकेच्या मरीन दलाने १९४२ साली स्वीकारलेल्या सुरीत चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून बसविलेल्या आणि त्यांवर खाचा पाडलेल्या होत्या.

युद्धाच्या कट्यारीपेक्षा घरातील सुरी अधिक हातांत असते, आणि तिच्याकडे लक्ष मात्र सर्वांत शेवटी गेले. महाराष्ट्रातील स्वयंपाकघराने हा प्रश्न विळीच्या रूपाने मुळातूनच टाळला होता. विळी पायाने दाबून धरावयाची, पाते स्थिर, व दोन्ही हात भाजीकरिता मोकळे. जेथे सुरी हातात धरावी लागे, तेथे मात्र गुळगुळीत मुठीच पुष्कळ काळ चालल्या. खाटीकखान्यांत आणि मासळीच्या कारखान्यांत लाकडी मुठींच्या जागी खरखरीत प्लॅस्टिक आले. तेथेही खाचा खोल केल्या तर त्यांत घाण साचते व उथळ केल्या तर पकड जाते, हा पेच राहिलाच.

१९९० साली अमेरिकेत सॅम फार्बर यांनी घरगुती उपकरणांची एक मालिका बाजारात आणली. त्यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता आणि साल काढण्याचे साधे हत्यार धरणे त्यांना जड जाई. न्यूयॉर्कच्या रचनाकारांनी त्याला जाड, मऊ, रबरासारखी मूठ दिली, आणि अंगठा व तर्जनी जेथे टेकतात तेथे दोन्ही बाजूंस पातळ लवचीक पापुद्र्यांची रांग ठेवली. बोट जेथे दाबावे तेथे ते पापुद्रे वाकून बोटाला जागा देतात. दुखऱ्या हाताकरिता केलेली ही मूठ धडधाकट माणसांनाही तितकीच आवडली, आणि पुढे तिचे अनुकरण सर्वत्र झाले.

समुद्रातील मासा, रानातील सांबर, चाकवताचे बी, रेशमाची फीत, पितळेवरील रेषा, ही सारी साधने एकाच कामाकरिता राबली. त्यांतील ज्या मुठी केवळ पाहण्याकरिता घडल्या, त्या वस्तुसंग्रहालयांत सुरक्षित आहेत. ज्या मुठी खरोखर वापरल्या गेल्या, त्यांचे कण झिजले, फिती कुजल्या, खाचा बुजल्या, आणि बहुतेक फेकून दिल्या गेल्या. त्यांच्या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. परंतु त्या मुठींनी जी असंख्य बोटे शाबूत राखली, त्यांचा हिशेब मांडता आला असता, तर पात्यांच्या कीर्तीतील बराच वाटा त्यांच्याकडे गेला असता.