फ्लॉरेन्स प्राइस यांच्या वाद्यवृंदरचनांची ध्वनिमुद्रणे

अमेरिकन संगीतरचनाकार फ्लॉरेन्स प्राइस (१८८७–१९५३) यांच्या वाद्यवृंदासाठीच्या बहुतेक रचना त्यांच्या निधनानंतर अनेक दशकांनी ध्वनिमुद्रित झाल्या. १५ जून १९३३ रोजी फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने त्यांची पहिली सिंफनी सादर केली. आफ्रिकी-अमेरिकन स्त्रीची रचना एखाद्या प्रमुख अमेरिकन वाद्यवृंदाने वाजविण्याची ती पहिलीच वेळ होती. परंतु तिचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होण्यास २०११ साल उजाडले. त्याच संचात त्यांचा पियानो काँचेर्तोही आहे. त्याची मूळ वाद्यवृंदसंहिता तेव्हा हाती नसल्याने ट्रेव्हर वेस्टन यांनी वाद्ययोजना नव्याने सिद्ध केली. श्रोत्यांनी हे ध्यानात ठेवणे इष्ट.

तत्पूर्वी २००१ मध्ये विमेन्स फिलहार्मोनिकने तिसरी सिंफनी, ‘द ओक’ व मिसिसिपी नदीवरील रचना ध्वनिमुद्रित केल्या होत्या.

२००९ मध्ये इलिनॉयमधील सेंट ॲन गावाजवळ, एकेकाळी प्राइस उन्हाळ्यात जेथे राहत त्या पडक्या घरात हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला आणि चित्र पालटले. दोन्ही व्हायोलिन काँचेर्तो व चौथी सिंफनी (१९४५) त्यात होत्या. काँचेर्तोंचे ध्वनिमुद्रण एर-जीन कांग यांच्या वादनात २०१८ मध्ये आले. चौथी सिंफनी प्राइस यांच्या जन्मराज्यातील, आर्कान्सामधील, फोर्ट स्मिथ सिंफनीने जॉन जेटर यांच्या संचालनाखाली वाजविली (नॅक्सॉस, २०१९). वाद्यवृंद लहान शहरातला असला, तरी हे ध्वनिमुद्रण दुय्यम मानण्याचे कारण नाही.

यानिक नेझे-सेगाँ व फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा यांच्या पहिल्या व तिसऱ्या सिंफनीच्या ध्वनिमुद्रणास २०२२ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.