सिलिकॉन नव्हे, सिलिकोन

गाडीचं बॉनेट उघडलं की एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत गेलेली एक जाड नळी दिसते. इंजिनाची ही श्वासनलिका. कंपनीतून येताना ती बहुधा प्लॅस्टिकची, वळणाजवळ रबरी घड्यांची असते. हौशी गाडीवाले ती काढून ॲल्युमिनियमची, कार्बन फायबरची किंवा, गॅरेजच्या भाषेत, ‘सिलिकॉनची’ टाकतात. या पदार्थांच्या गुणदोषांवर खूप बोललं जातं, नावांवर फारसं नाही. त्यातलं एक नाव आपण सर्रास चुकीचं लिहितो, म्हणून ही चर्चा.

आधी नळीच घेऊ. संस्कृतात नड किंवा नल म्हणजे बोरू, पाणथळ जागी उगवणारं पोकळ गवत. नळ, नळी, नळकांडं आणि श्वासनलिकेतली नलिका हा सगळा त्याचाच विस्तार. इंग्रजी पाईपच्या मुळाशी मात्र आवाज आहे. लॅटिन ‘पिपारे’ म्हणजे चिवचिवणं. त्यावरून फुंकायच्या वाद्याला पाईप म्हणू लागले आणि पुढे कोणत्याही पोकळ नळीला. आपण गवताकडे पाहून नाव ठेवलं, त्यांनी त्यातून निघणारा सूर ऐकून.

रबराची गोष्ट आणखी सुरस. दक्षिण अमेरिकेतला हा चीक युरोपात पोचला, तेव्हा त्याचं करायचं काय हे कुणाला नीटसं ठाऊक नव्हतं. पेन्सिलीच्या खुणा त्याने छान पुसल्या जातात, अशी नोंद जोसेफ प्रीस्टली यांनी 1770 मध्ये केली. घासून पुसतो तो ‘रबर’. म्हणजे पदार्थाचं नावच मुळी खोडण्याच्या कामावरून पडलं. ते मराठीत आलं तोवर टायर, नळ्या, चपला सगळंच रबराचं झालं होतं आणि शब्दातलं घासणं कुणाला ऐकू येईनासं झालं होतं. मग वहीतल्या खुणा पुसणाऱ्या तुकड्यासाठी आपण पुन्हा ‘खोड’ जोडलं आणि खोडरबर तयार केलं. भाषा नकळत किती नेमकं काम करते, याचं इतकं गोड उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

ॲल्युमिनियमची चकचकीत नळी हलकी, टिकाऊ आणि वाकवायला सोपी. दोष एकच: ती उष्णता झटकन घेते. प्लॅस्टिकपेक्षा शेकडो पटींनी जास्त उष्णता तिच्यातून वाहते. त्यामुळे रहदारीत अडकलेल्या गाडीत इंजिनाच्या धगीने ती तापते आणि आतली हवाही गरम होते. गरम हवा विरळ असते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. मोकळ्या रस्त्यावर हवा इतक्या वेगाने आत जाते की तिला तापायला फारसा वेळच मिळत नाही.

या धातूच्या नावात मात्र आपल्या घरातली तुरटी आहे. लॅटिन ‘आलुमेन’ म्हणजे तुरटी. तुरटीत एक अनोळखी धातू दडलेला असणार, या अंदाजावरून हम्फ्री डेव्ही यांनी 1808 मध्ये त्याला ‘अल्युमियम’ म्हटलं. 1812 मध्ये त्यांनीच ते ‘अल्युमिनम’ केलं. सोडियम, पोटॅशियम यांच्या पंक्तीत शोभावं म्हणून ब्रिटनमध्ये ‘अल्युमिनियम’ रूढ झालं, अमेरिकेत ‘अल्युमिनम’ टिकलं. धातू प्रत्यक्ष हाती लागला तो 1825 मध्ये, डेन्मार्कच्या अर्स्टेड यांच्या. नाव सतरा वर्षं आधी, धातू नंतर!

आपली तुरटीही कुळाने मोठी. संस्कृतात ‘तुवर’ म्हणजे कषाय, जिभेला ओढ लावणारी चव. तिच्यावरून आपलं तुरट, तुरटी. संस्कृतात ‘तुवरी’ हे नाव तुरटीच्या मातीला आहे आणि डाळीच्या तुरीलाही. घरोघरी ॲल्युमिनियमच्या पातेल्याला ‘जर्मनचं’ किंवा ‘जर्मल’चं म्हणतात, तो प्रवास वेगळा. तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूला जर्मन सिल्व्हर म्हणत. त्यात चांदी नावालाही नसे. तेच नाव पुढे या नव्या पांढऱ्या धातूकडे सरकलं, हे स्पष्टीकरण मला पटतं.

कार्बन फायबरमधला कार्बन लॅटिन ‘कार्बो’तून, म्हणजे कोळशातून आला. मराठीने त्याचा ‘कर्ब’ केला. पाठ्यपुस्तकात आता ‘कार्बन’च दिसतो, पण जमिनीतला सेंद्रिय कर्ब शेतकऱ्याच्या बोलण्यात रोज असतो. शब्द शाळेतून निघून शेतात टिकला, याचा मला मनापासून आनंद आहे. ‘फायबर’चं मात्र आपल्याकडे वेगळंच झालं. मूळ अर्थ तंतू, पण बाजारात फायबरची खुर्ची, फायबरचा बंपर म्हणजे साधं प्लॅस्टिक. खरं कार्बन फायबर म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक तंतूंचं कापड रेझिनमध्ये बसवलेलं असतं. बाजारात त्या विणीचं नुसतं चित्र छापलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्याही मिळतात. शब्द सैल असला की अशी विक्री सोपी जाते.

आता शीर्षकातला मुद्दा. लॅटिन ‘सिलेक्स’ म्हणजे गारगोटी. तिच्यावरून डेव्ही यांनी ‘सिलिसियम’ सुचवलं आणि 1817 मध्ये टॉमस टॉम्सन यांनी कार्बन, बोरॉन यांच्या चालीवर ‘सिलिकॉन’ केलं. हे मूलद्रव्य. कठीण, ठिसूळ, करड्या चकाकीचं. संगणकाच्या चिपा याच्या होतात. याची नळी केलीच तर पहिल्याच हादऱ्याला तिचे तुकडे होतील.

नळीतला पदार्थ दुसरा. नॉटिंगहॅमला काम करणाऱ्या फ्रेडरिक किपिंग यांनी 1901 मध्ये त्याला ‘सिलिकोन’ म्हटलं, कारण त्याचं रासायनिक सूत्र कीटोनच्या सूत्रासारखं दिसत होतं. गुणधर्म अगदी निराळे आहेत हे त्यांना माहीत होतं, तरी नाव चिकटलं. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची साखळी, तिला सेंद्रिय गट जोडलेले. म्हणून हा पदार्थ लवचीक राहतो आणि दोनशे अंशांच्या आसपासची उष्णता सोसतो. पेट्रोल आणि तेलाच्या वाफेपुढे तो तितका टिकत नाही, म्हणून टर्बोच्या नळ्यांना आतून फ्लोरोसिलिकोनचं अस्तर देतात. इंग्रजीत दोन्ही शब्दांत एका अक्षराचाच फरक. देवनागरीत तर तो लिहायला आणखी सोपा: कॉ आणि को. तरी वर्तमानपत्रापासून बिलापर्यंत सगळीकडे सिलिकॉनच. एवढी एक मात्रा आपण सांभाळायला हवी.

सिलिकोनच्या जोडनळ्या धातूच्या नळीवर आवळायला गॅरेजवाले ‘जुबली क्लिप’ मागतात. ही क्लिप लम्ली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदलातल्या माणसाने 1921 मध्ये काढली. ज्युबिली शब्दाच्या मुळाशी हिब्रू ‘योबेल’ आहे. योबेल म्हणजे मेंढ्याचं शिंग, दर पन्नास वर्षांनी येणाऱ्या मुक्तिवर्षाची घोषणा करायला ते फुंकत. टर्बोच्या दाबाला ही क्लिप कधी कधी सुटते, तिथे टी-बोल्टची रुंद क्लिप लावतात.