परदेशात दंगल, नेटबंदी किंवा मॅचची गर्दी: फोन आधीच कसा तयार ठेवायचा?

आपल्या हिंगोली जिल्ह्यातून परदेशात जाणारे कोण, असा प्रश्न काही जण विचारतात. औंढा नागनाथच्या परिसरातून पशुपतिनाथ-मुक्तिनाथला निघणारे यात्रेकरू बघा, शिकायला बाहेर गेलेली पोरं बघा, दुबईला मॅच बघायला जाणारे बघा. अशा ग्रुपमध्ये 'तू मोबाइलचं बघ' म्हणून जबाबदारी बहुतेक वेळा घरातल्या तरुणावर येते. हा लेख मी त्याच्यासाठी लिहितोय.

नेटबंदी आपल्याला नवीन नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, तेव्हा बीड जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं आणि मराठवाड्यात एसटीच्या फेऱ्या थांबल्या. पण इथे भाषा आपली, रस्ता ओळखीचा. परदेशात यातलं काहीच नसतं.

आधी समजून घ्या: नेट तीन प्रकारे जातं

१) ठरावीक अॅप बंद. नेपाळ सरकारने ४ सप्टेंबर २०२५ ला फेसबुक, व्हॉट्सअॅप, यूट्यूबसह २६ प्लॅटफॉर्मवर बंदी घातली. म्हणजे नेट चालू, पण ही अॅप्स बंद. ८ तारखेला तरुण रस्त्यावर उतरले, त्या रात्री बंदी उठली, पण आंदोलन थांबलं नाही. ९ तारखेला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, सरकारी इमारती आणि हॉटेलं जळाली, काठमांडूचं विमानतळ बंद झालं. ते १० तारखेला संध्याकाळी उघडलं. ७० हून अधिक लोकांचा जीव गेला. महाराष्ट्रातले पर्यटकही तिथे अडकले होते.

२) सगळं नेट बंद. बांगलादेशात १८ जुलै २०२४ ला मोबाइल इंटरनेट गेलं ते २८ जुलैला आलं. मध्ये साधे कॉलसुद्धा अडखळत होते.

३) गर्दीमुळे नेटवर्क जाम. हे कोणी मुद्दाम करत नाही. एका टॉवरवर एका वेळी ठरावीक लोकांचंच काम भागतं. स्टेडियममध्ये पन्नास हजार लोक एकदम व्हिडिओ टाकायला लागले की डेटा चालत नाही. अशा वेळी एसएमएस जाण्याची शक्यता जास्त, कारण त्याला फार थोडी जागा लागते.

निघण्याआधी, घरच्या वायफायवर

- ऑफलाइन नकाशा: गुगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करा, ऑफलाइन मॅप्समध्ये जा, शहराचा भाग निवडून डाउनलोड करा. जीपीएस उपग्रहावरून चालतं, म्हणून नेट नसलं तरी तुमचा निळा ठिपका दिसतो. ऑफलाइनमध्ये गाडीचा रस्ता मिळतो, चालत जायचा मिळत नाही. म्हणून हॉटेल, दूतावास, विमानतळ आणि एखादं मोठं हॉस्पिटल आधीच सेव्ह करा.
- कागदपत्रं: डिजिलॉकर उघडायला नेट लागतं. पासपोर्ट, व्हिसा, विमा, तिकीट यांच्या पीडीएफ फोनमध्येच ठेवा आणि एकेक झेरॉक्स बॅगेत. नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. तरुणांचं नुसतं आधार तिथे चालत नाही.
- भाषा: गुगल ट्रान्सलेटमध्ये त्या देशाची भाषा डाउनलोड करा.
- सिम: इंटरनॅशनल रोमिंग इथूनच सुरू करून घ्या. तिथे गेल्यावर ओटीपी येईना झाला तर रिचार्जही होत नाही.
- पैसे: नेपाळमध्ये आपलं यूपीआय बऱ्याच दुकानांत चालतं, पण नेट गेलं की तेही गेलं. दोन-तीन दिवस भागेल एवढी स्थानिक रोकड वेगळी ठेवा.
- पॉवर बँक: २०,००० एमएएचची चालते. विमानात ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इन सामानात नाही.
- नंबर: भारतीय दूतावासाचा आपत्कालीन नंबर कागदावर लिहा. फोन बंद पडला तर कागदच कामाला येतो. नेपाळमध्ये पोलिसांचा नंबर १०० आणि टुरिस्ट पोलिसांचा ११४४ आहे.

गडबड सुरू झाली तर

हॉटेलात थांबा, पण आंदोलनाचं ठिकाण जवळ असेल तर दूतावासाला विचारून जागा बदला. बॅटरी सेव्हर लावा. नेट चालू असेल तेव्हा व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवा, ते आठ तासांपर्यंत चालतं. नेट जाईल असं वाटलं तर एक साधा एसएमएस करा: 'कुठे आहे, सोबत कोण, पुढचा निरोप किती वाजता.'

मोर्च्याचं शूटिंग करू नका. रीलला व्ह्यूज मिळतील, पण परक्या देशात तुम्ही कोणत्या बाजूचे, हे समोरचा विचारत बसत नाही. व्हीपीएनचंही तसंच. काही देशांत त्याच्यावर कायदेशीर बंधनं आहेत, आधी बघून घ्या. ब्लूटूथवर चालणारी मेसेज अॅप्स जवळच्या जवळ उपयोगी पडतात, हिंगोलीपर्यंत निरोप पोचवत नाहीत.

मॅच बघायला जात असाल तर

राजकीय परिस्थितीमुळे स्पर्धाच हलू शकते. २०२२ चा आशिया कप श्रीलंकेतून आणि २०२४ चा महिला टी-२० विश्वचषक बांगलादेशातून यूएईला गेला. म्हणून हॉटेल आणि विमान रद्द केल्यावर पैसे परत मिळतात का, हे बुकिंगआधीच वाचा.

२०२६ चा फुटबॉल विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे, म्हणजे व्हिसाचे नियमही तीन देशांचे. तिकीट अधिकृत साइटवरूनच घ्या. तिकीट अॅपमध्ये असेल आणि त्याचा कोड बदलत राहत असेल, तर स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. गर्दीत शिरण्याआधीच अॅप उघडून ठेवा. सोबतच्यांशी भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा, 'आत गेल्यावर फोन करतो' यावर राहू नका.

घरच्यांना काय सांगून जायचं

हे बरेच जण विसरतात. पासपोर्टची प्रत, हॉटेलचा पत्ता, टूरवाल्याचा नंबर घरी एका वहीत लिहून द्या. संपर्क तुटला तर घरच्यांनी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करावा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी. नेपाळच्या वेळी काठमांडूतल्या दूतावासाने व्हॉट्सअॅप चालणारे नंबर जाहीर केले होते. असे नंबर दूतावासाच्या अधिकृत पानावरूनच घ्या, फॉरवर्डमधून नको.

आणि एक ठरवून जा: रोज रात्री नऊला एक मेसेज. एक दिवस मेसेज आला नाही तर घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही तर १०७७. आई-वडिलांच्या हातात एवढं असलं, की टीव्हीवरची आग बघून त्यांचा जीव टांगणीला लागत नाही.